घरच्यांना धरत नाहीत

कागद लागला त्या दिवशी लॉन्ड्रीत बॉयलरपेक्षा जास्त वाफ माणसांच्या तोंडातून निघत होती. सरकारने किमान वेतनाचा दर वाढवला होता आणि तो दर कामगारांना दिसेल अशा जागी लावायचा हुकूम होता. मालकाने हुकूम पाळला. फक्त जागा अशी निवडली की ड्रायरचं दार उघडलं की कागद त्या दाराआड जावा. पण ड्रायर काय दिवसभर उघडा ठेवता येतो? धुलाईवाल्याने दार ढकललं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि शाळेत धडा वाचावा तसा मोठ्याने वाचायला लागला.

कायमचा कामगार असो की तात्पुरता, ठेकेदाराने आणलेला असो की अर्धा दिवस येणारा, रोजावरचा असो की नगावरचा, सगळ्यांना हा दर. याच्या खाली कुणाला देता येणार नाही.

"नगावरचे पण?" घडीवालीने विचारलं. ती चादरींच्या घड्या नगावर घालायची. कामाला लागून एवढे थोडे दिवस झाले होते की तिच्या एप्रनची दुकानातली घडीसुद्धा अजून मोडली नव्हती.

"नगावरचे पण. झालं समाधान?"

"मग आत्यांना पण मिळणार!"

इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असलेल्या आत्याने मान वर केली. मालकाची मुलं तिला आत्या म्हणायची. त्यांचं ऐकून कामगार म्हणायला लागले, मग हॉस्पिटलच्या चादरी आणणारा टेम्पोवाला. आता तर साबणाचा एजंट, जो वयाने तिच्या बापासारखा दिसायचा, तोही दारातूनच "आत्या, माल उतरवू का?" अशी आरोळी ठोकायचा.

धुलाईवाला शेवटच्या बारीक ओळीपाशी आला होता. "मालकाच्या कुटुंबातील, त्याच्यासोबत एकाच घरात राहणाऱ्या व्यक्तींना हे लागू नाही." त्याने कागदावरचं बोट काढलं. "आत्या, तुम्ही वगळल्या. तुम्ही मालक पार्टी!"

सगळे हसले. आत्याही हसली. हसता हसता इस्त्री उशीच्या अभ्र्यावर जरा जास्तच टेकली आणि करपल्याचा वास सुटला. आजकाल असं व्हायचं. तिला जवळचं दिसेनासं झालं होतं, लांबचंही धूसर व्हायला लागलं होतं. शिवण कुठे संपते ते ती डोळ्यांपेक्षा बोटांनी ओळखायची.

ही लॉन्ड्री म्हणजे आधी बापाची एक टपरी, एक टेबल आणि एक कोळशाची इस्त्री. बापाची पाठ धरली तेव्हा दोन पोरांपैकी एकाने शाळा सोडायची होती. टेबलापर्यंत हात थोरलीचे पोचत होते, म्हणून तिने सोडली. धाकट्याचं नाव घरात बाळ. तो शिकला, हिशेबात हुशार निघाला. बाप गेल्यावर दुकान त्याच्या नावावर झालं, त्याने हॉटेलं धरली, हॉस्पिटल धरलं, मशिनं आणली, वर घर बांधलं. आता त्याला टक्कल पडलं होतं, पोट सुटलं होतं, तरी आत्यासाठी तो बाळच. तिच्या लग्नाचा विषय निघायचा तेव्हा हॉटेलांचा सीझन चालू असायचा. एवढा सीझन संपू दे, मग बघू, असं म्हणता म्हणता तिचाच सीझन संपला.

सकाळी उठून ती वर सगळ्यांचा स्वयंपाक करायची, मग खाली येऊन शटर उघडायची, बॉयलर लावायची, इस्त्रीला उभी राहायची. जेवायच्या वेळी वर जाऊन वाढायची, पुन्हा खाली. बाळ काही राक्षस नव्हता. मागितलं की द्यायचा. फक्त मागावं लागायचं. चपला मागाव्या लागायच्या, डोकेदुखीची गोळी मागावी लागायची. चष्मा मागून झाला होता. "बघू," तो म्हणाला होता, आणि बघता येत नव्हतं म्हणूनच तर ती मागत होती.

त्या दुपारी ती गल्ल्याशी गेली.

"बाळ, त्या कागदावर मी का नाही?"

"कुठल्या कागदावर?"

"ड्रायरच्या दाराआड लपवलास त्या."

"अगं ताई, तो कामगारांसाठी आहे."

"मग मी इथे काय करते? हवा खाते?"

बाळने टकलावरचा घाम पुसला. "तू घरची आहेस. तुला काय कमी आहे?"

"चष्मा कमी आहे."

"घेऊ की! मी नाही कधी म्हणालो?"

"हो तरी कधी म्हणालास?"

"हे बघ, पगार कुणाला देतात? परक्याला. तुला पगार दिला तर मी खोलीचं भाडं लावू? ताटाचं बिल करू? कसं दिसेल ते? आपलेच दात, आपलेच ओठ, ताई."

"दात कोण आणि ओठ कोण, ते एकदा ठरव," आत्या म्हणाली आणि टेबलाशी परत गेली. चावले जातात ते ओठच, हे तिच्या तोंडावर आलं होतं, पण गिऱ्हाईक आलं.

सुट्टीच्या वारी ती डोळे दाखवायला जाते म्हणून निघाली आणि कामगार कचेरीत गेली. खिडकीमागे सर्दी झालेली एक बाई बसली होती. समोर रुमाल, बाजूला फायली, आणि फायलींवर दुसरा रुमाल.

"मालक कोण?"

"धाकटा भाऊ."

बाईने पेनाला टोपण लावलं. "राहता कुठे?"

"वरती. त्याच्याच घरात."

"जेवण?"

"मीच करते."

"तुमचं वेगळं?"

"सगळ्यांचं एकच. माझं वेगळं कशाला करू?"

"मग बाई, तुम्ही कुटुंबात आल्या. घरच्यांना कायदा धरत नाही." बाई शिंकली. "मघाशी एक जण येऊन गेला, काकाच्या गॅरेजात राबतो. त्याच्या आधी एक सून, सासऱ्याच्या बेकरीत भट्टीपुढे उभी असते. तुम्ही तिसऱ्या. सगळ्यांना मी हेच सांगते आणि सगळे माझ्याकडेच रागाने बघतात."

"आणि मी भावाकडे न राहता पलीकडच्या गल्लीत राहत असते तर?"

"तर गोष्ट वेगळी. वेगळी चूल मांडून राहणारा नातेवाईक रोज कामावर येत असेल, तर तो कामगार."

"म्हणजे इस्त्री तीच, चादर तीच, हात माझेच. फक्त मधे एक गल्ली पाहिजे?"

"नियम मी नाही केले हो." पण बाईला तिची दया आली असावी. तिने टोपण पुन्हा काढलं. "असं करते, तपासणीला साहेबांना पाठवते. जागेवर तुम्ही इतरांसारख्या कामगार दिसलात, तर ते तसा शेरा मारू शकतात. नेहमी मारतात असं नाही. पण मारतात. तुम्ही फक्त कामावर दिसा, म्हणजे झालं."

"कामावर तर मी कायमच दिसते," आत्या म्हणाली. किती सोपं काम होतं!

साहेब आले ते भर गर्दीच्या वेळी. हॉटेलच्या चादरींचा डोंगर पडला होता, फरशीवर साबणाचं पाणी होतं. दारात अनोळखी माणूस बूट वाचवत उभा आहे एवढं आत्याला धूसर दिसलं आणि तिचा हात इस्त्रीवरून आपोआप सुटला. तिने खुर्ची पुसली. पाणी आणलं, घोट घेऊन त्यांनी ग्लास ठेवला तर पुन्हा भरला. "उन्हातून आलात, बसा आधी," म्हणाली. वर जाऊन चहा टाकला. खाली येताना घडीवालीला टोकलं, "अगं, पाहुण्यांच्या पायात ती ओली चादर कशाला? उचल!" बाळला ड्रॉवर उघडायचा होता, तर चावी तिच्याच एप्रनच्या खिशातून निघाली. टेम्पोवाल्याला बिस्किटं आणायला पिटाळलं.

"आमची ताई," बाळ कौतुकाने म्हणाला. "सगळं हिच्याच जिवावर आहे बघा."

साहेबांनी धुलाईवाल्याला प्रश्न विचारले, घडीवालीला विचारले, टेम्पोवाल्याला विचारले, लिहून घेतलं. चहा संपवला. "घरचा चहा तो घरचाच," म्हणाले आणि उठले.

तेव्हा कुठे आत्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "साहेब, आणि मी?"

"तुमचं काय?"

"माझं नाही लिहिलं."

"तुम्ही मालकीणबाई ना?"

"बहीण."

"तेच ते. घरच्या."

"मी इस्त्री करते, साहेब. सकाळपासून."

साहेब चांगले होते, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. "बाई, मी आल्यापासून तुम्ही इस्त्रीला हात लावलेला नाही. पाणी तुम्ही दिलं, चहा तुम्ही दिला, माणसांना रागावलात तुम्ही, चावी तुमच्याकडे. याला कामगार म्हणायचं तर मालक कुणाला म्हणू?"

साहेबांचे बूट फरशीवर ओले ठसे उमटवत गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"आत्या, चहा कशाला केलात!" घडीवालीने कपाळाला हात लावला. "तुमच्यासाठी आला होता ना तो? आणि तुम्हीच त्याची सरबराई करत बसलात?"

"दारात माणूस आला की पाणी द्यायचं, एवढंच माझ्या हातांना कळतं गं."

"मग बांधून ठेवायचे होते हात!"

राग बाळवर नव्हता, साहेबावर नव्हता. स्वतःच्या दोन हातांवर होता. दिवसभर तिने त्या हातांना विश्रांती दिली नाही. शेवटच्या चादरीची घडी घालताना घडीवाली समोर होती. मोठी चादर एकट्याने घडी होत नाही, दोघींनी दोन टोकं धरून एकमेकींकडे चालत यावं लागतं. टोकं जुळली तेव्हा घडीवाली हळूच म्हणाली, "माझ्या खोलीत एक कॉट रिकामी आहे. नवरा बाहेरगावी कामाला, पोरं आजीकडे. चूल पण घ्या वेगळी, माझ्याकडे जुना स्टोव्ह पडून आहे. भडकतो जरा, पण चालतो."

"भाडं?"

"पगार झाला की द्या."

"आणि पगार झालाच नाही तर?"

"मग माझ्या नावाने खडे फोडा! आधी निघा तर."

आत्याने आपलं सामान बांधायला घेतलं आणि तिच्या लक्षात आलं की बांधायला फारसं काही नाही. कपडे, कंगवा, बापाचा एक फोटो. स्वयंपाकघरात जे जे तिचं वाटत होतं ते सगळं घराचं होतं.

भावजय दारात आडवी झाली. "वन्सं, आम्ही काय कमी केलं तुम्हाला?"

"काही कमी नाही केलंत. उलट जास्तच केलंत. घरची केलंत मला."

"लोक काय म्हणतील? नणंदेला घराबाहेर काढलं म्हणतील मला!"

"त्यांना सांग, नणंद कामाला लागली."

बाळ जिन्यात उभा होता. तोंड लाल झालं होतं. "ताई, एका चष्म्यासाठी घर सोडतेस? आज आणतो, चल. फ्रेम तुला हवी ती."

"आज आणशील रे. पुढचाही मागावाच लागेल."

"मग माझंही ऐकून ठेव. बाहेर गेलीस की तू बाहेरची. आणि बाहेरच्या माणसाला कामावर ठेवायचं की नाही, ते मी ठरवतो. तेव्हा कायदा घेऊन येऊ नकोस माझ्याकडे."

हा फास आत्याने आधी पाहिला नव्हता. आत राहिलं तर धरत नाहीत, बाहेर पडलं तर ठेवतील की नाही याचा भरवसा नाही. ना घरची ना दारची. पिशवी एकदम जड झाली. तरी ती जिना उतरली, कारण वर चढायचं तर भावजयीला बाजूला हो म्हणावं लागलं असतं, आणि ते ती म्हणू शकली नसती.

सकाळी ती शटरबाहेर उभी राहिली, घडीवालीशेजारी. शटर नेहमी तीच आतून उघडायची. आज कुणीच उघडलं नाही. धुलाईवाला आला, टेम्पोवाला आला, साबणाचा एजंटसुद्धा आला. "आत्या, तुम्ही बाहेर? मग आत कोण आहे?" त्याने विचारलं. कुणी हसलं नाही.

बऱ्याच वेळाने खडखडाट झाला. उलटा शर्ट घातलेला बाळ शटरखालून वाकून बाहेर आला आणि रांगेत बहिणीला बघून तसाच वाकलेला राहिला. जा म्हणाला असता तर सगळ्यांदेखत म्हणावं लागलं असतं. ये म्हणाला असता तर हरल्यासारखं झालं असतं. तो गल्ल्याशी जाऊन बसला. आत्या टेबलाशी गेली आणि इस्त्री तापत ठेवली.

असंच चालू राहिलं. बाळ तिच्याशी बोलत नव्हता. सांगायचं असलं तर हवेत सांगायचा, "हॉस्पिटलचा माल आधी." जेवायच्या सुट्टीत आत्या मागच्या ओट्यावर बाकीच्यांबरोबर डबा उघडायची, वरून करपल्याचे वास यायचे आणि भाचरं खिडकीतून डोकावून "आत्या, आज पण भात चिकट झालाय" असं कळवून जायची. ते ऐकून ती डब्याचं झाकण लावायची. दुसऱ्या सुट्टीला ती पुन्हा कचेरीत गेली आणि खिडकीतल्या बाईला नवा पत्ता दिला. बाईची सर्दी तशीच होती. "शाब्बास," ती म्हणाली. "पण या वेळी चहा देऊ नका."

साहेब पुन्हा आले. आत्याला पुन्हा दारात धूसर आकार दिसला. या वेळी तिने इस्त्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली.

खुर्चीवर ओल्या उशा होत्या. कुणी पुसली नाही, साहेब उभेच राहिले. साबणाची भुकटी हवेत होती, त्यांना खोकला आला. एकदा आला, पुन्हा आला. आत्याचे खांदे ताठ झाले. माणूस खोकतोय आणि आपण चादर ओढतोय, हे तिच्या अंगाला जळवा लागल्यासारखं होत होतं.

"पाणी मिळेल का जरा?" साहेबांनी विचारलं.

"ताई..." बाळच्या तोंडून निघून गेलं. कितीतरी दिवसांनी निघालेला पहिला शब्द.

आत्याने चादर उलटली.

घडीवालीने खाली बघितलं. शेवटी बाळ स्वतः उठला. ग्लास कुठे असतात ते त्याला माहीत नव्हतं. नळाशी खुडबुड करून त्याने साबण मोजायच्या मापातून पाणी आणलं. साहेबांनी वास घेतला आणि माप तसंच त्याच्या हातात परत दिलं.

साहेबांना ती आठवत होती, पण विचारूनच लिहायचा नियम होता. "बाई, तुम्ही कोण?"

"इस्त्री करते."

"ते दिसतंय. मालकांच्या कोण?"

"मालकांनाच विचारा," आत्या म्हणाली. इस्त्री थांबली नाही.

बाळने फक्त एवढं म्हणायचं होतं, घरची आहे साहेब, रुसून गेली आहे, आज ना उद्या येईल, वर तिची खोली तशीच आहे. एवढं पुरलं असतं. त्याने वर जिन्याकडे बघितलं, मग बहिणीच्या पाठीकडे. पाठ वळणार नव्हती.

"कामाला आहे," तो म्हणाला. घशात अडकलेलं हाड निघावं तसे ते शब्द निघाले.

"कधीपासून?"

बाळने माप दुसऱ्या हातात घेतलं. उत्तर साहेबांनीच दिलं. "वेगळ्या राहायला लागल्या तेव्हापासून धरता येईल. त्याआधीचं ते घरातलं काम, त्याला धरता येत नाही. म्हणजे नवीन." त्यांनी लिहिलं. "वर्ग, अकुशल."

"अकुशल?" इस्त्री पहिल्यांदाच थांबली.

"नवीन माणूस तिथूनच सुरू होतो, बाई. पुढे अर्धकुशल, मग कुशल."

"साहेब!" धुलाईवाल्याला राहवलं नाही. "मी आधी इस्त्रीवर होतो. मला इस्त्री धरायला यांनी शिकवलं!"

"तुम्ही कुशल आहात," साहेब म्हणाले. "तुमचं बरोबर लिहिलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. घडीवालीच असणार, कारण तीही अकुशलच होती. आत्याच्या नाकाशी राग आला, डोळ्यांत आला, आणि तिथून पुढे कुठे जावं हे त्याला कळेना. एवढ्या आयुष्याचं वजन केलं आणि काटा शून्यावर आला. हा आकडा फेकून द्यावा म्हटलं तर दुसरा आकडा नव्हता.

"लिहा," ती म्हणाली. "अकुशल तर अकुशल. पण लिहा."

साहेब लिहीत असतानाच वरून, जिन्याच्या तोंडाशी येऊन, भावजयीने हाक मारली. "वन्सं! अहो वन्सं, मीठ कुठे ठेवलंय?"

आत्याची टाच उचलली गेली. उजवीकडच्या फळीवर, डाळीच्या डब्यामागे, हे तिच्या जिभेच्या टोकावर होतं. तिने टाच खाली टेकवली.

"कामावर आहे मी," ती वर न बघता मोठ्याने म्हणाली. "सुट्टीत विचार."

बाळ ते साबणाचं माप हातात घेऊन जिन्याखाली उभा होता. मीठ कुठे असतं ते त्यालाही माहीत नव्हतं.